क्लच-प्लेट : एका झिजणाऱ्या चकतीचा इतिहास



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांवर राजे, संत, लढाया आणि तह यांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आपली परवानगी घेऊन मी नाश्त्याच्या ताटलीएवढ्या एका चकतीविषयी बोलणार आहे. ती कधी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आपण टॅक्सीत बसलो की ती आपल्या पायांपुढे हात-दीड हातावर फिरत असे; पण तिचे नाव आपण ऐकत असू ते फक्त ती बिघडल्यावर. तिला क्लच-प्लेट म्हणतात.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात मुंबईतील शेवटच्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. टॅक्सीचे आयुष्य नियमाने वीस वर्षांचे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. तिचा काळा रंग, पिवळे छप्पर, चाकाच्या दांड्याला लावलेला गियर, डिकीतील सामान, सिनेमातील तिच्या भूमिका, सर्व काही लिहून झाले. पण एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. इटलीत १९५०-६० च्या सुमारास आखलेली एक छोटी कौटुंबिक गाडी मुंबईच्या गर्दीत, पावसात आणि चढउतारांवर, दिवसपाळी आणि रातपाळी अशी वीस-वीस वर्षे चाललीच कशी? कारखान्याने ती चांगली बनविली, हे उत्तराचे एक अंग झाले. दुसरे अंग असे की ती पुन्हा पुन्हा उघडली गेली, तिचे झिजलेले भाग काढले गेले आणि नवे बसविले गेले. या दुसऱ्या अंगाचा इतिहास लिहिलेला नाही. त्यातील एका भागापुरता तो आज मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम ही चकती करते काय, ते समजून घेऊ. टांग्याचा घोडा उभा असला की स्वस्थ उभा असतो, आणि चाबूक दिसला की जागच्या जागेवरून जोर लावतो. विजेच्या ट्रामचेही तसेच. तिची मोटर उभ्या स्थितीतून पूर्ण जोर देऊ शकते. म्हणून ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा तिला क्लच लागला नाही, आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली तेव्हाही तो नव्हता. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव निराळा आहे. ते उभ्याने जोर देऊच शकत नाही. मिनिटाला काही शे फेरे घेत असेल तरच ते जिवंत. त्याखाली गेले की आचका देऊन बंद पडते. म्हणजे इंजिन फिरते आहे आणि चाके उभी आहेत अशी दोघांची गाठ घालायची आहे. ती एकदम घातली तर इंजिन मरेल. घातलीच नाही तर गाडी हलणार नाही. ती हळूहळू, घसरत-घसरत घालावी लागते. हे घसरणे ज्याच्या अंगावर घेतले जाते तो भाग म्हणजे क्लच-प्लेट.

तिच्या एका बाजूस इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. दुसऱ्या बाजूस स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर प्लेट. मध्ये ही चकती, आणि तिच्या मधल्या दातेरी भोकातून गियरबॉक्सचा दांडा गेलेला. पायाखालचे पेडल दाबले की प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि चकती मोकळी होते. पेडल सोडले की ती दोघांच्या कैचीत सापडते आणि त्यांच्याबरोबर फिरू लागते. चकतीच्या दोन्ही अंगांना तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे अस्तर रिव्हेटांनी ठोकलेले असते. घर्षणाने झिजायचे ते या अस्तराने, लोखंडाने नव्हे. हा भाग झिजतो हा त्याचा दोष नसून तेच त्याचे काम आहे. तो झिजतो म्हणून इंजिन, गियर आणि मागचा आस शाबूत राहतात.

ही युक्ती मोटारीबरोबर जन्मली असे आपण समजू, तर ते चूक ठरेल. ती आपल्या गिरणगावाला मोटारीच्या आधीपासून ठाऊक होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ-लालबाग भागात चिमण्यांचे रान उठले. या गिरण्यांत एक वाफेचे इंजिन सगळे खाते चालवी. छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका साच्यावर उतरत. एका साच्याचा धागा तुटला म्हणून सारे इंजिन थांबविता येत नसे. म्हणून प्रत्येक साच्याला दोन कप्प्या शेजारी शेजारी असत, एक दांड्याला पक्की बसविलेली आणि एक मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या कप्पीवर सरकविला की साचा थांबे, पक्क्या कप्पीवर सरकविला की चालू लागे. इंजिन अखंड फिरत राही. कामाला जोडायचे की नाही, एवढेच कामगाराच्या हातात असे.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तिच्यात हीच व्यवस्था होती. पट्टा मोकळ्या कप्पीवरून पक्क्या कप्पीवर सरकविला की गाडी निघे. म्हणजे जगातील पहिल्या मोटारीचा क्लच हा गिरणीच्या साच्यावरचा पट्टाच होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गियर, आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी केली. आपली पद्मिनी याच घराण्यातली. त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्यावर चामडे चढविलेले असे. चामडे कोरडे पडले की गाडी हिसका देई, तेलकट झाले की घसरे. चालकाला त्याची मर्जी सांभाळावी लागे.

चामड्याच्या जागी दुसरे काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर एका इंग्रज माणसाने शोधले, आणि त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. हर्बर्ट फ्रूड हा डर्बीशरच्या डोंगराळ भागात राहणारा. उतारावर बैठ्या चालीने गाडी यावी म्हणून तिकडचे गाडीवान लाकडी ब्रेकला जुन्या जोड्यांचे तळ ठोकतात, हे त्याने पाहिले. फाटक्या जोड्यात जो गुण आहे तो मुद्दाम बनविलेल्या वस्तूत का आणू नये, असा विचार करून त्याने १८९७ साली घर्षणाची अस्तरे करण्यास आरंभ केला. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावातील अक्षरे फिरवून आणि पत्नी एलिझाबेथ हिच्या नावाचे एक अक्षर मिळवून झाले आहे. पुढे या अस्तरांत अॅस्बेस्टॉसचे तंतू वापरले जाऊ लागले, कारण ते जळत नाहीत. या तंतूंकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे मोटारी दिसू लागल्या. १९११ साली व्हिक्टोरियांच्या जोडीला टॅक्सी आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने परळच्या पलीकडे शिवडीला कारखाना काढला. तेथे मोटारी बनत नसत. पेट्यांतून आलेले भाग जोडून त्या उभ्या केल्या जात. अर्थात झिजलेला भाग बदलायचा तर तोही बोटीनेच यायचा. गाडी आपल्या रस्त्यावर, पण तिचे आयुष्य परदेशच्या गोदीत, अशी ही स्थिती होती.

ती बदलावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि वालचंद हिराचंद ही दोन नावे प्रमुख आहेत. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना तयार केली. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना तिला अनुकूलता मिळाली. पण १९३९ साली ते मंत्रिमंडळ बाहेर पडले. युद्धकाळात परकीय सरकारला या कारखान्याची निकड वाटली नाही. सोलापूरचे वालचंद मात्र थांबले नाहीत. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर काढल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद निवर्तले. त्याच वर्षी केंद्र सरकारने जकात आयोगाच्या शिफारशीवरून ठरविले की, नुसते भाग जोडणाऱ्यांनी येथून जावे. ज्यांची टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनविण्याची योजना असेल त्यांनी राहावे. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याचा राहिला. १९५४ पासून तेथे फियाट ११०० निघू लागली, १९६४ साली तिचे नवे रूप आले, आणि १९७४ पासून ती ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. मागची चाके ओढणारी. क्लच एका कोरड्या चकतीचा.

या धोरणाचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिले आहेत. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि गाडीही तीच ती मिळे, हा त्यातील दोष. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम फार महत्त्वाचा झाला. मुंबईच्या रस्त्यावर एकाच तऱ्हेची गाडी हजारोंच्या संख्येने आली आणि चाळीस वर्षे ती मुळात फारशी बदलली नाही. १९९० नंतर मुंबईच्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या पलीकडे गेली होती आणि त्यांतील बहुतेक पद्मिनीच होत्या. एका मिस्त्रीने एकदा जे हात बसविले ते त्याला जन्मभर पुरले, आणि त्याच्या हाताखालच्या मुलालाही पुरले. ज्या गाडीचे भाग एकमेकींना लागू पडतात तिच्याभोवती बाजार उभा राहतो. ऑपेरा हाउसच्या आसपास मामा परमानंद मार्गावर मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांचे पोट या एका गाडीने भरले. प्रार्थना समाजाच्या मामा परमानंदांच्या नावाच्या रस्त्यावर क्लच-प्लेटांची विक्री व्हावी, हा योगायोग त्या सत्पुरुषाला कदाचित आवडलाही असता.

येथे दोन प्रकारचे गिऱ्हाईक येई. ज्याच्याजवळ पैसे असत तो डबीबंद नवी प्लेट नेई. ज्याच्याजवळ नसत तो जुनीच प्लेट घेऊन अस्तर चढविणाऱ्याकडे जाई. तो कारागीर जुने रिव्हेट छिद्रून काढी, झिजलेले अस्तर उतरवी, पोलादी चकती वाकली असेल तर सरळ करी, मधल्या स्प्रिंगा ढिल्या नाहीत ना हे हाताने हलवून पाही, आणि नवे अस्तर ठेवून तांब्या-पितळेचे रिव्हेट एकाआड एक समोरासमोर ठोकीत जाई. रिव्हेटाचे डोके अस्तराच्या पृष्ठभागाखाली बुडाले पाहिजे, हा त्या धंद्यातला पहिला नियम. ते वर राहिले तर फ्लायव्हीलवर ओरखडे काढते; मग ते फ्लायव्हील उतरवून लेथवर घासून आणावे लागते. चार आण्याचा आळस आणि चाळीस रुपयांचा दंड, असा हा हिशेब आहे.

आता ही चकती बदलण्याचे काम प्रत्यक्ष कसे चाले ते पाहू. टॅक्सीवाला मिस्त्रीकडे येऊन बहुधा एवढेच सांगे, “मिस्त्री, इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही.” केम्प्स कॉर्नरच्या पुलाचा चढ किंवा दादरच्या टिळक पुलाचा चढ चढताना हे प्रथम ध्यानात येई. हा केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५ सालचा. सपाट रस्त्यावर जो क्लच निभावून नेतो, तो चार उतारू आणि डोक्यावर सामान घेऊन चढावर लागला की आपली लाज उघडी करतो. जोडीला जळक्या अस्तराचा उग्र वास. मिस्त्री विचारी, “भाऊ, पेडल वरती कुठवर येतं?” हा प्रश्न अनुभवाचा होता. अस्तर जसजसे झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिची बोटे मागे येतात, आणि पेडलात जो थोडा मोकळा खेळ ठेवलेला असतो तो नाहीसा होतो. खेळ संपला की पाय काढल्यावरही क्लच पुरता पकडत नाही. कधी नुसती दांडी फिरवून खेळ परत मिळे आणि गिऱ्हाईक आनंदाने जाई. पण दांडीचे आटे संपले की दुसरा मार्ग नसे. खात्री करण्याची रीतही साधी होती. हँडब्रेक ओढायचा, सर्वांत वरचा गियर घालायचा आणि पेडल सोडायचे. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. न पडता फिरतच राहिले तर चकती गेली.

मग गाडी जॅकवर चढे आणि खाली घोड्या लागत. पुष्कळ ठिकाणी खड्डा नसे, छप्परही नसे. फुटपाथच्या कडेला पुठ्ठा अंथरून मिस्त्री पाठीवर झोपून आत सरके. प्रथम प्रॉपेलर शाफ्ट सुटे. शाफ्ट ज्या खुणेवर होता त्याच खुणेवर परत बसावा म्हणून शहाणा मिस्त्री खडूने किंवा छिन्नीने रेघ मारून ठेवी, नाहीतर गाडी पुढे थरथरते. तो सुटा असतानाच त्याचे क्रॉस आणि मधले बेअरिंग हाताने हलवून पाहिले जात. एकदा पोट उघडलेच आहे तर दुसरा आजारही पाहून घ्यावा, हे शस्त्रवैद्याचे तत्त्व येथेही लागू आहे. नंतर गियरच्या दांड्या, क्लचची दांडी, स्टार्टर आणि शेवटी गियरबॉक्सचे नटबोल्ट. गियरबॉक्स उतरविताना एकाने तो छातीवर तोलून धरायचा आणि दुसऱ्याने सरळ मागे ओढायचा. त्याचे वजन चकतीच्या भोकावर लोंबकळू दिले तर चकती वाकते, आणि नवे काम पहिल्याच दिवशी बिघडते.

आत प्रेशर प्लेटचे बोल्ट असत. तेही एकदम एक काढायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करीत जायचे. मग झिजलेली चकती हातात पडे. अनुभवी माणूस तिच्याकडे पाहून गाडीचे चरित्र सांगे. सर्व बाजूंनी सारखी झिजली असेल तर ती आपल्या वयाने गेली. काळी पडून तडकली असेल तर चालकाने अर्ध्या क्लचवर गाडी चालविली. तेलाने माखली असेल तर इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळते आहे. ते बंद न करता नवी चकती घालणे म्हणजे गळक्या छपराखाली चुना लावणे. नवी चकती तेलकट हाताने धरायची नाही, आणि उलटी बसवायची नाही, कारण तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. ती बरोबर मध्यावर यावी म्हणून मोडीत निघालेल्या गियरबॉक्सचा जुना दांडा भोकातून घालून ठेवीत आणि मग प्रेशर प्लेट आवळीत. कारखान्याने यासाठी निराळे हत्यार सांगितले होते. मुंबईने ते भंगारातून निर्माण केले. सारे पुन्हा जोडून, पेडलाचा खेळ लावून, मिस्त्री स्वतः गाडी एका चढावर नेऊन आणी. ती न ओरडता चढली की काम झाले.

एवढे तपशील मी मुद्दाम दिले. हे काम अंगमेहनतीचे आहे असे आपण सहज म्हणतो. पण त्यात निदान आहे, कार्यकारणभाव आहे, क्रम आहे आणि पुराव्यावरून अनुमानही आहे. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली या नावाने निघालेल्या संस्थेत हीच शास्त्रे वर्गात शिकविली जातात. रस्त्यावरच्या मिस्त्रीने ती डोळ्याने आणि बोटांनी मिळविली. त्याला त्याचे प्रमाणपत्र कधी मिळाले नाही.

या चकतीशी माणसांचे व्यवहारही जोडलेले होते. गाडी मालकाची आणि चालविणारा पाळीचा, अशी व्यवस्था पुष्कळ टॅक्सींत असे. चालकाने रोजचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि उरेल ते आपले. लालबागच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर पाय ठेवून गाडी रेटीत नेली तर फेऱ्या अधिक होतात आणि चकती लवकर जाते. फेऱ्यांचा लाभ चालकाला, चकतीचा खर्च मालकाला. शिवाय दिवसाचा चालक आणि रात्रीचा चालक निराळे. झीज कोणाच्या पायाने झाली हे चकतीवर लिहिलेले नसते. गाडी एक दिवस उभी राहिली की दोघांची चूल मंदावे. म्हणून काम संध्याकाळी घेऊन पहाटेपर्यंत पुरे करण्याची घाई असे. गावाकडे, मग ते गाव उत्तर प्रदेशात असो, कोकणात असो की घाटावर असो, जाणारी मनीऑर्डर या घाईवर अवलंबून होती.

येथवरचे वर्णन ऐकून आपल्या मनात या जुन्या कसबाविषयी आदर उत्पन्न झाला असेल. तो असावा. पण इतिहासाने नुसता आदर निर्माण करून भागत नाही. हिशेबाची दुसरी बाजूही त्याने मांडली पाहिजे. मघाशी आपण अॅस्बेस्टॉसचे तंतू मागे ठेवले होते. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, आणि फुप्फुसात गेले की तेथून जातही नाहीत. १९२४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथील नेली केर्शॉ या कामगार स्त्रीच्या मृत्यूनंतर या रोगाची वैद्यकीय नोंद झाली, आणि १९३१ साली तेथे कारखान्यांसाठी नियम झाले. म्हणजे आपल्याकडे फियाटची पहिली गाडी जोडली जाण्यापूर्वी वीस वर्षे हे ज्ञान छापलेले होते. तथापि क्लचचे झाकण उघडल्यावर आतली राखाडी धूळ तोंडाने फुंकून उडवावी किंवा हवेच्या नळीने साफ करावी, ही रीत चालूच राहिली. अस्तर घासणारा कारागीर त्याच धुळीत बसे. ती धूळ काय आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच्या प्रकृतीच्या नोंदी कामाच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे अधिक असेल तितका काळ ठेवण्यास सांगितले आहे. ब्रिटनने १९९९ साली या वस्तूवर पूर्ण बंदी घातली. आता बिनअॅस्बेस्टॉसची अस्तरे मिळतात. पण निर्णयातील नोंदवही ठेवायची कोणी? कारखान्याला दरवाजा असतो, हजेरीपट असतो. पुठ्ठ्यावर झोपून काम करणाऱ्या मिस्त्रीला मालक नाही, हजेरी नाही, निवृत्ती नाही. त्याच्या छातीची नोंद कोणत्याही वहीत नाही.

तीच गोष्ट त्याच्या हाताखालच्या पोऱ्याची. पाने आणून देणारा, रॉकेलात नटबोल्ट धुणारा हा मुलगा पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा असे. पुढे तोच उस्ताद होई, हे खरे. पण त्याची शाळा गेली, हेही तितकेच खरे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन, घरच्या उद्योगासारखे काही अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवणे निषिद्ध ठरले. जुने कसब टिकले नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी ते कसब कोणत्या वयात आणि कोणत्या किमतीला शिकले जाई, हे आठवणे न्यायाचे होईल.

शेवटचा अंक थोडक्यात सांगतो. १९९० नंतर बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या, आणि २००१ च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. २००८ साली टॅक्सीला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. २०१३ साली ती वीसवर आली. यामागे हवेचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. नव्या गाड्यांतही क्लच आहे. पण पुष्कळ गाड्यांत इंजिन आणि गियर पुढच्या चाकांपाशी आडवे बसविलेले असल्याने प्रॉपेलर शाफ्ट उरलेला नाही, आणि हाताची कितीतरी सवय निरुपयोगी झाली. अस्तर चढविण्याऐवजी सबंध संच टाकून नवा घालण्याची रीत पडली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस मुंबईने निरोप देऊन पाठविली. तिच्या जागी विजेच्या दुमजली बसगाड्या त्याच वर्षी धावू लागल्या होत्या. या बसना क्लच नाही. १९०७ सालच्या ट्रामप्रमाणे त्याही उभ्या स्थितीतून मुकाट्याने जोर घेतात. पेट्रोल आणि डिझेलच्या शतकाने दोन विजांच्या मध्ये जे अंतर निर्माण केले, ते या झिजणाऱ्या चकतीने भरून काढले, असे आता मागे वळून पाहताना दिसते.

मग या इतिहासातून आपण काय घ्यावे? जुनी गाडी परत यावी, असे मी म्हणत नाही. टंचाईने माणसाला दुरुस्ती शिकविली. म्हणून टंचाई पुन्हा आणा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु वस्तू उघडता येते, तिचा झिजलेला भाग ओळखता येतो आणि बाकीचे शाबूत ठेवून तेवढाच बदलता येतो, हे ज्ञान टंचाईपेक्षा मोठे आहे. विजेच्या गाडीतही काही ना काही झिजणारच. ते बदलण्याची मोकळीक, भाग आणि माहिती गल्लीतल्या कारागिराला मिळणार की सारे कुलूपबंद पेटीत राहणार, हा उद्याचा प्रश्न आहे, आणि तो केवळ यंत्राचा नाही. त्याच वेळी त्या कारागिराला स्वच्छ हवा, तोंडाला पट्टी, डोक्यावर छप्पर आणि हातात प्रमाणपत्र मिळावे, हा कालचा प्रश्न अजून सुटायचा आहे.

वालचंदांचा कारखाना इतिहासात नोंदला गेला, जकात आयोगाचा अहवाल ग्रंथालयात आहे, शेवटच्या टॅक्सीच्या नोंदीची तारीखही आपल्याला ठाऊक आहे. ऑपेरा हाउसच्या पायरीवर बसून रिव्हेट ठोकणाऱ्याचे मात्र काहीच लिहिलेले नाही. त्यांच्यापैकी काही वृद्ध माणसे अजून गिरगावात, परळला, लालबागला आहेत. त्यांना जे येते ते त्यांच्या तोंडून उतरवून घेण्यास एक वही आणि थोडी फुरसत पुरेशी आहे. आपल्या वाचनालयांनी हे काम हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.